पासाऊ ते बुडापेस्ट सायकलने: लाखभरात दोघांच्या सायकली बसवायच्या कशा?

पारिजात
नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये मी आणि नवरा डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. पासाऊ ते व्हिएन्ना सव्वातीनशे किमीच्या आसपास आणि पुढे ब्रातिस्लाव्हा, ग्यॉर, एस्टरगोम करत बुडापेस्ट जवळजवळ तेवढंच. घाई अजिबात नाही. रोज पन्नास-साठ किमी, वाटेत मेल्कचा मठ, व्हिएन्नात निवांत मुक्काम. सामान आपलं आपण वाहायचं, मागून गाडी वगैरे नाही.

घोडं अडलंय ते सायकलीपाशी. आमच्याकडे पुण्यात वापरातल्या दोन हायब्रिड, म्हणजे रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या सायकली आहेत. ॲल्युमिनिअमची फ्रेम, पुढे तीन मागे सात गिअर, ३५ मिमी टायर, साधे व्ही-ब्रेक. दुकानदार म्हणतो, या लांबच्या प्रवासाला चालायच्या नाहीत, खास टूरिंगच्या घ्या. त्याने सांगितलेल्या दोन सायकलींच्या किमतीत आमची विमानाची तिकिटं निघून वर पैसे उरतील. सपाट नदीकाठाला इतकी महाग सायकल लागते हे मला पटत नाही. पण सामान लादून लांब कधी गेलेलो नाही, म्हणून इथे विचारतेय.

आहेत त्याच न्याव्यात? तिकडे नव्या घ्याव्यात? जुन्या घ्याव्यात? की भाड्याने? दोघांच्या सायकलींवर, त्यांच्या वाहतुकीसकट, एक लाखाच्या वर खर्च करायचा नाही. वय पन्नाशीपुढचं, माझी उंची ५ फूट १ इंच, नवरा ५ फूट ९. त्याचा उजवा गुडघा चढावर कुरकुरतो.

चक्रधर_सातारा
आहेत त्याच न्या. दुकानदाराला त्याचं दुकान चालवायचंय.

लोखंडी
चक्रधर, एवढ्या झटपट निकाल देऊ नका. टूरिंगची सायकल वेगळी असते ती उगाच नाही. दोन चाकांमधलं अंतर जास्त असतं, त्यामुळे सामान लादल्यावरही ती डुलत नाही आणि टाच मागच्या पिशवीला लागत नाही. क्रोमोलीची, म्हणजे मिश्रधातूच्या पोलादाची फ्रेम धक्का पोटात घेते आणि तुटलीच तर गावातला वेल्डरही जोडू शकतो. कॅरिअर, मडगार्ड, तीन-तीन बाटल्या यांना लागणारी आट्यांची भोकं आधीच दिलेली असतात. ३६ आऱ्यांची चाकं असतात. आयुष्यभर पुरणारी वस्तू आहे ताई, एकदाच घ्या आणि चांगली घ्या.

चक्रधर_सातारा
लोखंडी, मुद्दे बरोबर आहेत, पण ऑस्ट्रियात वेल्डर शोधायची वेळ कोणावर येणार आहे? त्या काठाने दर दहा-पंधरा किमीवर गाव आहे आणि बऱ्याच गावांत सायकलचं दुकान. पामीरला निघाले असते तर मीही पोलादच म्हटलं असतं.

इसारकाठ
मी म्युनिकला राहतो. पासाऊ-व्हिएन्ना केलंय, तो रस्ता ओळखीचा आहे. युरोव्हेलो ६ नावाचा जो मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो, त्याचाच हा तुकडा आणि त्यातला बहुधा सगळ्यात गर्दीचा. बहुतेक डांबरी, मध्ये मध्ये बारीक खडीचा. शाळकरी पोरं, आजी-आजोबा, पाळण्यात बाळ घेऊन आई-बाप, सगळे जातात. त्यातल्या दहांपैकी नऊ जणांकडे 'टूरिंग' सायकल नसतेच. त्यांच्याकडे असते ट्रेकिंगराड.

हा प्रकार भारतात फारसा मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ट्रेकिंगराड म्हणजे आपल्या हायब्रिडचीच बहीण, पण दुकानातून निघतानाच मागे पक्कं कॅरिअर, पूर्ण मडगार्ड, बाजूचा स्टँड, चेनवर आवरण, घंटी आणि पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, डायनॅमो. दिवा कायम चालतो, चार्जिंगची कटकट नाही. जर्मनीत रस्त्यावर चालवायच्या सायकलीला दिवे, रिफ्लेक्टर आणि घंटी कायद्यानेच लागते, म्हणून हे सगळं अंगचंच येतं.

अशी जुनी, नीट राखलेली ट्रेकिंगराड क्लाइनआन्त्साइगन या साइटवर दोनशे ते तीनशे युरोत मिळते. नवीन घ्यायची तर पाचशे-सहाशेच्या पुढे. घेताना दोन गोष्टी पाळा. फ्रेमवरचा नंबर बघा, खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरा, चोरीची असणार. आणि विकणाऱ्याशी साध्या कागदावर का होईना, दोन ओळींचा विक्री करार करून सह्या घ्या.

२००_पार
मी वेगळं मत मांडतो. आमच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेऱ्या करणाऱ्या मंडळींत २०० किमी साडेतेरा तासांत करायचे असतात, तेव्हा प्रत्येक किलोचा हिशेब लागतो. मागे-पुढे पिशव्या टांगायच्याच कशाला? सीटखाली एक लांब पिशवी, हँडलला एक, फ्रेमच्या पोटात एक. कपडे दोन जोड, रोज रात्री धुवायचे. कॅरिअर नको, स्टँड नको. हलक्या रोडबाइकवर हा अख्खा प्रवास आठवड्यात होईल.

पारिजात
२००_पार, माहितीबद्दल आभार, पण आठवड्यात करायचा नाहीये. मला मठ, चर्च, बाजार बघायचेत, वाटेत बसून चित्रं काढायचीत. रंगांचा डबा आणि चित्रकलेची वही घरी ठेवून मी येणार नाही.

इसारकाठ, दोनशे-तीनशे युरो म्हणजे दोघांचे चाळीस ते साठ हजार रुपये झाले. बजेटात बसतंय. पण बुडापेस्टला पोचल्यावर त्या सायकलींचं काय करायचं?

इसारकाठ
अडचण तीच आहे. परक्या गावात दोन दिवसांत विकायला निघालात तर मिळेल त्या भावाला द्यावी लागते. म्युनिकला परत आणलीत तर निवांत विकता येईल. बुडापेस्ट-व्हिएन्ना-म्युनिक थेट रेलजेट गाडी आहे, तिच्यात सायकलींना जागा असते, पण मोजकी. आसनासारखंच सायकलचंही आरक्षण आधी करावं लागतं. जूनमध्ये ती जागा पटकन भरते.

जिरेसाळ
भाड्याचा विचार का सोडताय? पासाऊत स्टेशनजवळच भाड्याने देणारे आहेत, व्हिएन्नात सोडून यायची सोयही असते. आम्ही घेतल्या तेव्हा साधी सायकल दिवसाला पंधरा-वीस युरोंच्या घरात होती. पिशव्या आणि कुलूप त्यातच. पंक्चर झालं तर फोन करायचा.

गगनबावडा
जिरेसाळ, हिशेब मांडून बघा की. दोन सायकली, पंधरा दिवस, पंधरा युरोने धरलं तरी साडेचारशे. वीसने सहाशे. म्हणजे पंचेचाळीस-साठ हजार गेले आणि हातात काहीच उरलं नाही. शिवाय बऱ्याच जणांची परत घ्यायची सोय व्हिएन्नापर्यंतच असते, बुडापेस्टला सोडायची म्हटलं की वेगळे पैसे. पासाऊ-व्हिएन्ना आठवडाभरात करणाऱ्याला भाडं बेस्ट. पंधरा दिवसांना नाही.

पानापक्कड
नाशिककर. सायकली खोलणं-जोडणं हा माझा रोजचा उद्योग आहे, तेव्हा ताईंच्या हायब्रिडबद्दल बोलतो.

फ्रेमची काळजी नको. कॅरिअर बसवायला मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) आणि सीटखाली आट्यांची भोकं आहेत का तेवढं बघा. बहुतेक हायब्रिडना असतात. खरी नाजूक जागा मागचा हब आहे. मागे सात गिअर म्हणजे बहुधा आटे फिरवून बसवायचं फ्रीव्हील. त्यात उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत, खूप मधे राहतं आणि एक्सलचं टोक आधाराविना लांब बाहेर येतं. जड माणूस, वर वीस किलो सामान आणि खड्डे हे सगळं एकत्र आलं की ते टोक वाकतं. कॅसेटच्या, म्हणजे गिअरची चक्रं सरकवून बसवायच्या, हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं, म्हणून तो टिकतो. त्यामुळे एक तर सामान दहा-बारा किलोत बसवा, नाहीतर कॅसेट हब आणि ३६ आऱ्यांचं नवं मागचं चाक बांधून घ्या. चाक हाताने बांधणारा कारागीर गाठा. आरे सगळे सारख्या ताणाचे हवेत. नखाने टिचकी मारत गेलात तर एका बाजूच्या सगळ्या आऱ्यांतून जवळपास एकच सूर यायला हवा. एखादा थप्प वाजला तर तो सैल आहे, त्याच्या वाट्याचा भार शेजारचे ओढतायत आणि पहिला त्यांतलाच कुणीतरी तुटणार.

आता गुडघा. तुमचं पुढचं सगळ्यात लहान चक्र बहुधा २८ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठंही २८ चं असेल. म्हणजे पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. ३५ मिमी टायर असलेल्या ७०० सी चाकाचा परीघ साधारण २.१७ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पावणेआठ किमी. चढावर सामानासकट एवढा वेग राखायला गुडघ्यावर जोर येतोच. मागे ३४ दात्यांचं फ्रीव्हील घातलं तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी साडेसहाच्या आत येतो आणि जोरही त्याच प्रमाणात कमी लागतो. खर्च फार नाही. फक्त तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ पेलतो का ते आधी बघून घ्या, आणि चेन नवी, जरा लांब लागेल.

लोखंडी
पानापक्कड, हबबद्दल शंभर टक्के सहमत. आरे तुटतात ते मागचे आणि तेही गिअरच्या बाजूचे. दोन-तीन जादा आरे चेनच्या खालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा.

चक्रधर_सातारा
म्हणजे अखेर लोखंडीसुद्धा हायब्रिडवर आले!

लोखंडी
आलो नाही, ताईंचं बजेट वाचलं. लाखात दोन चांगल्या पोलादी टूरिंग सायकली होत नाहीत हे मलाही कळतं. पण टायरवर काटकसर करू नका एवढं तरी ऐका. श्वाल्बे मॅराथॉनसारखा पंक्चररोधक टायर ३७ किंवा ४० मिमीमध्ये बसत असेल तर तो घाला. जड आहे, पण भर उन्हात पिशव्या उतरवून ट्यूब काढत बसण्यापेक्षा परवडला.

मेथीचीजुडी
मी शाकाहारी. या वाटेवर खायला काय मिळतं? (विषयांतराबद्दल रागावू नका.)

जिरेसाळ
विषयांतर कसलं, इंधनाचाच प्रश्न आहे! ऑस्ट्रियात केझेश्पेट्सलं, म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, मिळतात. बटाट्याचे प्रकार सगळीकडे. मेल्क ते क्रेम्समधल्या वाखाउ खोऱ्यात जर्दाळूच्या बागाच बागा. तिथे जर्दाळू पोटात घालून केलेले उकडीचे गोळे मिळतात, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. हंगाम जुलैचा, पण जॅम आणि केक कधीही. हंगेरीत लांगोश खा, तळलेला भटुराच समजा, वर आंबट साय आणि चीज. पण सूप मागवताना विचारून घ्या, भाजीच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच फळं-पाव घेऊन ठेवा.

मेथीचीजुडी
उकडीचे जर्दाळू! वाचनखूण साठवली.

गगनबावडा
आता विमानाचं. मी माझी सायकल खोक्यात घालून नेली-आणली आहे, त्यामुळे हे हातचं लिहितोय.

सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची रिकामी पुठ्ठ्याची खोकी पडलेली असतात, आधी सांगून ठेवलं की देतात. पुढचं चाक काढायचं, हँडल सैल करून फ्रेमला समांतर बांधायचं, सीट खाली. पेडल काढताना ध्यानात ठेवा, डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा बसवायचा. तोही दुकानातच मिळतो, नव्या सायकलीबरोबर येतो. तो नसेल तर खोक्यावर दुसरी बॅग आपटली की फोर्क पिचकतो. मागचा डिरेलर हँगरवरून सोडून, फडक्यात गुंडाळून आतल्या अंगाला बांधायचा. तो हँगर हा मऊ धातूचा तुकडा असतो आणि प्रवासात सगळ्यात आधी तोच वाकतो. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर आठवणीने जवळ ठेवा, परदेशात नेमका तोच मिळत नाही. ज्यांचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील त्यांनी चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड मिटून बसतात. ताई, तुमचे व्ही-ब्रेक आहेत, तुमची ही एक काळजी मिटली.

काही विमान कंपन्या सायकल नेहमीच्या सामानाच्या वजनात धरतात, काही वेगळी फी घेतात. पण आगाऊ नोंद सगळीकडे करावी लागते. तिकीट काढण्याआधी हे वाचा, नंतर नाही. पॉवरबँक खोक्यात नको, हातातल्या बॅगेत. आणि सायकलचं बिल, फ्रेम नंबर, फोटो सगळं फोनमध्ये ठेवा. महागडी असेल तर निघताना कस्टमकडून निर्यात दाखला घेतला की परत येताना प्रश्न येत नाही.

पारिजात
गगनबावडा, फार उपयोगी! पण बुडापेस्टला परतीचं खोकं कुठून आणू?

गगनबावडा
तिथल्या दुकानांतून मिळतं, पण चार फोन करावे लागतात. त्यापेक्षा जिथे उतराल तिथूनच परत उडा आणि खोकं कोणाकडे तरी ठेवा.

इसारकाठ
माझ्या तळघरात ठेवा. मनापासून सांगतोय. म्युनिकहून पासाऊला दोनाऊ-इसार-एक्स्प्रेस नावाची प्रादेशिक गाडी थेट जाते. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट घ्या, दोघांना एकच चालतं, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. सायकलींचं तिकीट वेगळं.

लिंत्झकरीण
उशिरा आले धाग्यावर. गुडघ्याचा प्रश्न असेल तर इ-बाइक का नाही? इथे निम्मे ज्येष्ठ नागरिक त्याच चालवतात. युरोपच्या नियमाप्रमाणे मोटर २५० वॅटची असते, ताशी २५ किमीपर्यंतच मदत करते आणि पेडल मारावंच लागतं. भाड्याने सहज मिळते, वाटेत चार्जिंगही आहे.

२००_पार
इ-बाइक घेतली तर सायकलने गेलो असं कसं म्हणायचं?

लिंत्झकरीण
जसं चष्मा लावून वाचलं तरी आपण वाचलंच म्हणतो, तसं. माझी आई सत्तरीत आहे. पूर्वी दर रविवारी नदीकाठाने ग्राइनपर्यंत जायची, गुडघ्यांमुळे बंद झालं होतं. इ-बाइक आल्यापासून पुन्हा जाते. तिला कोणी सांगून बघा की ही सायकल नव्हे.

चक्रधर_सातारा
आईंना साताऱ्याहून नमस्कार सांगा.

पानापक्कड
इ-बाइकला माझा विरोध नाही, पण एक व्यवहाराची गोष्ट. सायकल पंचवीस किलोची, वर पिशव्या. गाडीच्या डब्यात चढवायची, जिन्यावरून फलाटावर न्यायची तर पन्नाशीच्या माणसाच्या गुडघ्याआधी कंबर बोलेल. आणि तिची बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, म्हणजे भाड्याशिवाय मार्ग नाही.

शिवाय या वाटेवर चढ आहेत कुठे? नदी वाहते तिकडेच तुम्ही जाताय. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर.

लिंत्झकरीण
काठाने नाहीत, पण बघायच्या जागा वर आहेत. माउटहाउझेनचं छळछावणी स्मारक गावाच्या वर टेकडीवर आहे. चढ चांगलाच आहे. जरूर जा, अर्धा दिवस हाताशी ठेवून जा. कैद्यांना ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन ज्या १८६ पायऱ्या चढायला लावत, त्या अजून तिथे आहेत. त्या दिवशी पुढे जास्त अंतर ठरवू नका, नंतर सायकल चालवायचं मन होत नाही.

पारिजात
लिंत्झकरीण, हे सांगितलंत ते बरं झालं. त्या दिवशी तिथेच गावात मुक्काम ठेवू.

कोकणवेडा
ताई, तिकडे जायच्या आधी एक रंगीत तालीम आपल्याच किनाऱ्यावर करा. हरिहरेश्वरला सायकली उतरवा, बागमांडला-वेश्वी फेरी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ-धोपावे फेरी, मग गुहागर. सगळं सामान, म्हणजे अगदी रंगांच्या डब्यासकट लादून. खाडी ओलांडली की लगेच चढ, उतरलात की पुन्हा खाडी. डॅन्यूबवर आठवड्यात येणार नाहीत एवढे चढ तिथे दोन दिवसांत येतील. कॅरिअरचा कुठला बोल्ट सैल होतो, पिशवी टाचेला लागते का, सीट टोचते का, सगळं तिथे कळेल.

शेवग्याचीशेंग
सीटचा विषय निघालाच आहे तर बायकांसाठी म्हणून लिहिते. जाड जेलची मऊ सीट दुकानात हाताने दाबून छान वाटते, दोन तासांनी तीच सगळ्यात जास्त त्रास देते. वजन बसायच्या दोन हाडांवर यायला हवं. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब मधल्या भागावर येतो. आपल्या हाडांमधल्या अंतराएवढी रुंद, जराशी कडक, मधे खाच असलेली सीट घ्या. पन्हळी पुठ्ठ्यावर कडक स्टुलावर बसा, दोन खड्डे उमटतात, त्यांच्या मधोमधचं अंतर मोजा. पॅड असलेल्या शॉर्टखाली आतले कपडे घालायचे नाहीत, शिवण घासते. आणि जी सीट सवयीची झाली ती काढून बरोबर न्या, भाड्याच्या किंवा जुन्या सायकलीलाही ती बसते.

पारिजात
शेवग्याचीशेंग, इतकं स्पष्ट कोणत्याच दुकानात सांगितलं नव्हतं. खूप आभार.

इसारकाठ
एक गोष्ट आधी लिहायला हवी होती, ताईंची उंची आत्ता पुन्हा वाचली. ५ फूट १ इंचाला बसेल अशी जुनी ट्रेकिंगराड इथे सहज मिळत नाही. इथल्या लोकांच्या उंचीप्रमाणे बाजारात ५२ ते ६० सेमी फ्रेम भरपूर. ४५-४६ ची आली की पटकन जाते. पण ५ फूट ९ ला हव्या तेवढ्या.

पानापक्कड
मग तर ताईंनी स्वतःचीच न्यावी. मापात बसणारी साधी सायकल मापाबाहेरच्या भारी सायकलीपेक्षा केव्हाही चांगली. हँडल लांब पडलं तर मान आणि मनगटं तिसऱ्या दिवशी बंड करतात, त्यावर कुठला महागडा गिअर उपाय नाही.

व्हिसाकाका
सायकलचं चालू द्या, एक महत्त्वाचं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी हे चारही देश शेंगेनमध्ये आहेत, व्हिसा एकच. पण अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. तुमची सुरुवात जर्मनीत असली तरी रात्री जास्त ऑस्ट्रियात दिसतायत, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. फी २०२४ पासून ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि त्यात सायकलवरचा अपघात धरलाय का ते बघून घ्या. अर्जासोबत रोजच्या मुक्कामांची यादी लागते, तेव्हा रद्द करता येणारी बुकिंग करा.

लिंत्झकरीण
राहायला 'बेट प्लुस बाइक'ची पाटी असलेल्या जागा बघा. जर्मन सायकल संघटनेची ती योजना आहे. एका रात्रीसाठीही खोली देतात, सायकल कुलपात ठेवायला जागा असते, ओले कपडे वाळवायची सोय असते. हंगेरीत गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात सायकल चालवायची तर चमकणारं जॅकेट घालणं सक्तीचं आहे, ते सोबत असू द्या.

पारिजात
सगळ्यांचं पुन्हापुन्हा वाचून, घरी दोन संध्याकाळी वाद घालून असं ठरवलंय:

माझी हायब्रिड इथूनच नेणार. मागचं चाक कॅसेट हब आणि ३६ आऱ्यांचं, मागचं सगळ्यात मोठं चक्र ३४ दात्यांचं, रुंद टायर, कॅरिअर आणि नवी सीट. दोन कारागिरांना विचारलं, पंधरा हजारांच्या आत होतंय. सामान मागे दहा किलो, रंग पुढच्या छोट्या पिशवीत. नवऱ्यासाठी म्युनिकला जुनी ट्रेकिंगराड घेणार, तीनशे युरोपर्यंत. पुढे तीन दातेरी चक्रांची आणि हलक्या गिअरची बघणार, म्हणजे इ-बाइकची गरज पडू नये. पडलीच तर वाटेत एखाद-दोन दिवस भाड्याने घेऊ, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. जाणं-येणं म्युनिकहूनच आणि खोकं इसारकाठ यांच्या तळघरात. सायकलींचे पंचेचाळीस, त्यात माझ्या सायकलची विमानाची फी आणि रेल्वेची तिकिटं धरली तरी लाखाच्या बरंच आत राहतंय.

डिसेंबरात हरिहरेश्वर-गुहागर करणार आहोत. कोकणवेडा, येणार का?

कोकणवेडा
येणार म्हणजे काय! वेळासला ओळखीचं घर आहे, मुक्काम तिथेच.

गगनबावडा
लई भारी ठरलं ताई. चाक बांधून झालं की आधी शंभरेक किमी गावातच चालवा. नवे आरे बसतात, जरा सैल होतात. मग पुन्हा एकदा त्याच कारागिराकडून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून ताण जुळवून घ्या आणि मगच कोकणात उतरा.

२००_पार
ताई, माझ्याकडे फ्रेमच्या पोटात बसणारी पिशवी पडून आहे. पाणी-पंप-ट्यूब त्यात मावतं, मागच्या चाकावरचं वजन तेवढं कमी होईल. पुण्यात असाल तर घेऊन जा.

पारिजात
घेऊन जाते! व्यनि करते.

मेथीचीजुडी
माझा एक बारका प्रश्न. दोन वेगळ्या सायकली, मग पंप एकच चालेल का?

इसारकाठ
चांगला प्रश्न. ताईंच्या ट्यूबला बहुधा मोटरसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह असेल. इथल्या जुन्या ट्रेकिंगराडना बऱ्याचदा डनलॉप व्हॉल्व्ह असतो, त्याला इथे ब्लिट्सव्हेंटिल म्हणतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना वॉल-ट्यूबवाला जो असायचा त्याच घराण्यातला, फक्त रबरी नळीऐवजी आत छोटी झडप. प्रेस्टाच्या, म्हणजे रोडबाइकला असतो त्या बारीक व्हॉल्व्हच्या, तोंडाचा पंप त्याला चालतो. तेव्हा दोन्ही तोंडांचा पंप घ्या आणि जादा ट्यूब मात्र प्रत्येक सायकलीची वेगळी ठेवा, दोघांची टायरची रुंदी सारखी असेलच असं नाही.

पानापक्कड
आणि त्या डनलॉपची वरची नट हवा भरायच्या आधी घट्ट करा. सैल असेल तर भरलेली हवा तिथूनच जाते आणि माणूस उगाच पंक्चर शोधत बसतो.